हजेरी कोणाजवळ आहे?

२० नोव्हेंबर २०१८, मंगळवार. सकाळी सातच्या सुमारास वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात, सोनेगाव (आबाजी) शिवारात मोठा स्फोट झाला. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराचे हे मैदान. जुना, निकामी झालेला दारूगोळा येथे आणून नष्ट करतात. त्या सकाळी जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीतून आलेल्या मालाच्या पेट्या गाडीतून उतरवणे चालू होते. सहा माणसे गेली. त्यांतला एक निर्माणीचा कर्मचारी, बाकीचे आसपासच्या खेड्यांतले ठेक्यावरचे मजूर. जखमींना सावंगी (मेघे) येथील दवाखान्यात हलविण्यात आले.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा होता तो सहा ठार असा. गेलेल्यांची नावे आम्ही येथे देत नाही. त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती छापण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण ही माणसे कोण, हे पुलगावच्या आसपास राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. सोयाबीन निघाले, कापसाची वेचणी सुरू आहे, पण वेचणीच्या मजुरीत घर चालत नाही. म्हणून सकाळी भाकर बांधून मिळेल त्या कामावर जाणारी ती माणसे. खड्डे खणायचे, पेट्या उचलायच्या, माती लोटायची. पेटीत काय आहे हे ठाऊक असते, आणि तरीही पेटी उचलावी लागते.

त्या सकाळी आमच्या घरात टीव्हीसमोर सगळे गोळा झालो होतो. आमची काकू भिंतीला टेकून बसली होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "यायची हजेरी कोनाजवळ हाय रे?"

घरातल्या लहान मुलांना तो प्रश्न कळला नाही. आम्हा दोघा बहीण-भावांना मात्र कळला. त्याचे उत्तर शोधण्यात आमच्या घराची तीन वर्षे गेली आहेत. ती हकीकत या पानावर सांगावी असे पुष्कळ दिवस मनात होते. काकूने आता "लिहा" म्हटले, म्हणून लिहीत आहोत.

आमचे काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. जन्म दीक्षेच्या सालचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला आमच्या खेड्यातून बैलगाड्या पुलगावपर्यंत आल्या आणि पुढे माणसे रेल्वेने नागपूरला गेली. आमची आजी तेवढी राहिली, कारण काका तेव्हा आठ दिवसांचे होते. आजी मरेपर्यंत त्यांना हे ऐकवीत असे. "सारं गाव दीक्षेले गेलं अन् मी तुह्या पायी चुलीपाशी बसली." काका हसून म्हणत, "माय, मी आलो म्हणून तं तुले इथंच दीक्षा भेटली."

घरात जमीन नव्हती. काका दुसरीपर्यंत शिकले. १९७२ च्या दुष्काळात गिट्टी फोडली, आणि पुढच्या वर्षी, सतरा वर्षांचे असताना, बाबांच्या मागे पुलगावला आले. ज्यांनी आमचे गाव पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला, त्या पुलावरून गावाला पुलगाव म्हणतात. नदीच्या पलीकडे अमरावती जिल्हा. मुंबई-नागपूर लाइनवरचे हे स्टेशन, आणि येथूनच आर्वीला जाणारी छोटी गाडी सुटत असे. एक कापडाची मिल, कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग, आणि एका बाजूला मैलोन्मैल तारेच्या कुंपणाआड दारूगोळ्याचा डेपो. गावात माणसाची ओळख तीन प्रकारे होई: मिलवाला, डेपोवाला आणि जीनवाला. मिलवाल्याला पगारपत्रक होते. डेपोवाल्याला क्वार्टर होते. जीनवाल्याला हंगाम होता. दिवाळीला सुरू आणि होळीच्या आगेमागे बंद.

काकांनी मिलमध्ये बदली म्हणून दोन वर्षे सकाळच्या भोंग्याला फाटकावर उभे राहून पाहिले. आठवड्यात एखादा दिवस काम मिळे. शेवटी ते जीनमध्ये हमाल झाले. रेच्यावर कापूस चढतो, सरकी वेगळी पडते, रुई वेगळी होते, रुई दाबून तिची गाठ बांधतात. एक गाठ १७० किलोची. ती आकड्याने ओढायची, दोघांनी-चौघांनी पाठीवर-खांद्यावर घेऊन थप्पीवर चढवायची, आणि ट्रक आला की थप्पीवरून उतरवून ट्रकमध्ये भरायची. मजुरी दिवसावर नाही, नगावर. टोळीने जितक्या गाठी हलवल्या तितका पैसा, तो मुकादमाच्या हातात, आणि मुकादमाच्या हातातून टोळीत वाटणी. मुकादम मालकाचा माणूस की हमालांचा, हे कोणी विचारत नसे. पुढे आम्हाला तेच विचारावे लागले.

काकांना पैसा मोजून घेण्याची सवय होती. मुकादम म्हणे आज ऐंशी गाठी झाल्या, काकांना वाटे शंभर झाल्या. म्हणून त्यांनी युक्ती काढली. आमच्या शाळेच्या वहीची अर्धी पाने लिहायची राहिली की ती वही ते मागून घेत. पेन्सिलीचा एक तुकडा कानावर. गाठ गेली की कागदावर एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. संध्याकाळी घरी आले, अंगावरची रुई झटकली, की वही आमच्यापुढे. आम्ही दोघे तेव्हा शाळेत होतो, एक दहावीला आणि एक आठवीला. रेघा मोजायच्या, खाली आकडा लिहायचा, तारीख टाकायची, टोळीत किती माणसे होती ते लिहायचे आणि भागाकार करायचा. बक्षीस म्हणून मूठभर शेंगा किंवा एक गोळी. भागाकार चुकला तर शेंगा परत. बेरीज-भागाकार आम्हाला शाळेने शिकवला असे आम्ही म्हणतो, पण खरे तर तो काकांच्या वहीवर पक्का झाला.

जयंतीला काकांचे काम ठरलेले. मिरवणुकीत पाण्याची कोठी ढकलगाडीवर घेऊन ते सर्वांच्या मागे चालत. पांढरा शर्ट आदल्या रात्री तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला. पुढे नाचायला, घोषणा द्यायला पोरे पुष्कळ असत. काका म्हणत, "नारा देनाऱ्याले तहान लागते, त्याच्या मांग कोनी पाह्यजे ना."

आमच्या गल्लीत मिलमधून निवृत्त झालेले एक आजोबा राहत. संध्याकाळी ओट्यावर बसून ते सांगत की १९४२ पासून १९४६ पर्यंत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि त्याच काळात कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचा कायदा पुढे आला. काका गाठींनी दुखणारा खांदा चोळत म्हणायचे, "आजोबा, आमच्या जीनमंधी अजून १९४२ च चालू हाय." सगळे हसत. हसण्यासारखेच होते. हंगामात पहाटे ट्रक आला तर पहाटे जायचे, रात्री अकराला आला तर रात्री अकराला. महाराष्ट्रात माथाडी आणि हमाल कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला आहे, हे काकांना कोणी सांगितले नव्हते. सांगणारा असता तरी नोंदणी करायची कुठे आणि मुकादमाशी वैर घ्यायचे कोणी, हा प्रश्न उरलाच असता.

जानेवारी १९९७. संक्रांत होऊन गेली होती. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत आलेली, आवारात गाठी ठेवायला जागा नाही. म्हणून थप्प्या नेहमीपेक्षा उंच, त्याही फरशीवर नाही, उंचसखल मातीवर लावलेल्या. संध्याकाळी ट्रक लागला. थप्पी वरून उतरवायची असते हे हमालाला कोणी शिकवत नाही, त्याला ते माहीतच असते. पण वर चढून एकेक गाठ खाली घेण्यात वेळ जातो. ट्रकवाला घाई करत होता, मुकादम ओरडत होता. कडेच्या खालच्या गाठी आधी ओढा, असे ठरले. काकांनी आकडा लावला. वरच्या तीन गाठी आल्या.

त्यांच्याच टोळीतल्या माणसांनी गाठी हटवल्या आणि कापसाच्या रिकाम्या बंडीवर टाकून त्यांना दवाखान्याकडे नेले. वाटेतच श्वास थांबला. काकांचे वय चाळीस पूर्ण. मागे काकू, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा.

त्या रात्री दोन गोष्टी झाल्या. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. त्या नोंदीत जीनकडच्या माणसांनी सांगून टाकले की, सदर इसम आमच्या कामावर नव्हता, कापूस विकायला आलेल्या एका गाडीसोबत आवारात आला होता. दुसरी गोष्ट अशी की घरी एक माणूस आला. हातात पाकीट, त्यात दहा हजार रुपये, आणि सोबत एक टाइप केलेला कागद. "बाईचा अंगठा पाहिजे, अंत्यविधीसाठी मदत आहे," असे तो म्हणाला.

दहा हजार रुपये म्हणजे काय हे आज सांगून समजणार नाही. आमच्या घरात त्या दिवशी दोनशे रुपयेसुद्धा नव्हते. बाबा गप्प होते. शेजारच्या बायका म्हणत होत्या, घेऊन टाक, लेकरं लहान आहेत. तेवढ्यात ते मिलवाले आजोबा काठी टेकत आले. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावून सगळा वाचला आणि आमच्या हातात देऊन मोठ्याने वाचायला सांगितले. त्यात लिहिले होते की मयत हा आमचा कामगार नव्हता, माणुसकीच्या नात्याने रक्कम मिळाली, आणि यापुढे आमची कोणतीही मागणी राहणार नाही.

काकू साक्षरता अभियानाच्या रात्रीच्या वर्गात नुकतीच सही शिकली होती. ती म्हणाली, "मले अंगठा येत नाही, सही येते. अन् सही मी याच्यावर करत नाही."

माणूस पाकीट घेऊन परत गेला. अंत्ययात्रेचा खर्च वस्तीने वर्गणी काढून केला. विहारातल्या सतरंज्या आल्या, आणि सातव्या दिवसाचे जेवण नको, असे काकूनेच सांगितले.

आजोबांनी त्या रात्री जे सांगितले ते पुढे वकिलांनी आम्हाला कायद्याच्या पुस्तकातून दाखवले. तेव्हा १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा होता. कामावर मृत्यू झाला तर भरपाई मालकाने घरच्यांच्या हातात द्यायची नसते, ती कमिशनरकडे जमा करायची असते. हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही, तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल तेवढी वळती होते. कामगाराने हक्क सोडल्याचा करार केला तरी त्या करापुरता तो रद्दबातल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मालकाने आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करवून घेतले तरी भरपाईसाठी मालकालाच धरता येते. मालकाने मग ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा प्रश्न. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा.

कायदा आमच्या बाजूचा होता. पुरावा मात्र आमच्या बाजूला नव्हता. हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही, ओळखपत्र नाही. वीस वर्षे ज्या फाटकातून काका आत गेले, त्या फाटकाच्या आत त्यांच्या नावाचा एक कागद नव्हता. टोळीत ते धरून आठ जण. उरलेल्या सातांना बाबा एकेक करून भेटले. सगळे रडले. साक्षीला येतो म्हणणारा एकच निघाला. आम्हाला बाकीच्या सहांचा राग आला नाही, आजही नाही. हंगाम चालू होता आणि त्यांच्याही घरी लेकरे होती. जो आला त्याला पुढच्या हंगामात त्या जीनमध्ये काम मिळाले नाही. तो आठवडी बाजारात भाजी विकू लागला. आमच्या घरची भाजी पुढे कैक वर्षे त्याच्याकडूनच येई, आणि तो पैसे कमी घेई म्हणून काकू त्याच्याशी भांडत असे.

मग वही आठवली. तीही आम्हाला आठवली नाही, काकूला आठवली. कौलांखाली, पेटीच्या मागे, पिशवीत बांधून ठेवलेल्या चार वह्या निघाल्या. रेघा, आकडे, तारखा, माणसांची संख्या, ट्रकचे नंबरसुद्धा. काका ट्रकचा नंबर सांगत आणि आम्ही लिहीत असू, मुकादमाला पकडायला बरे म्हणून.

वर्ध्याला तारखा सुरू झाल्या. पुलगावहून सकाळच्या गाडीने जायचे, दिवसभर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. काकू प्रत्येक तारखेला दोन भाकरी जास्त बांधून नेई. आपल्यासारखीच कोणी बाई व्हरांड्यात बसलेली असे.

समोरच्या वकिलाने वही पाहून सांगितले की ही नंतर बसून तयार केली आहे. मग आमच्यातल्या बहिणीला उभे केले. तेव्हा ती दहावीत गेली होती. "हे आकडे तुझ्या हातचे कशावरून?" तिला कोरा कागद दिला आणि एक ते दहा आकडे लिहायला सांगितले. तिचा सात नेहमी खाली वाकडा जातो. गुरुजी त्यासाठी ओरडत. तो त्या दिवशीही तसाच गेला, आणि वहीतही पानापानांवर तसाच होता. पण खरा पुरावा दुसराच निघाला. काका वही मागून घेत तेव्हा ती अर्धी वापरलेली असे. एका वहीत तर आम्ही विज्ञानाची उत्तरे लिहीत होतो आणि काका मधल्या कोऱ्या पानांवर रेघा मारत होते. गुरुजींनी तपासून लाल शाईत सही केलेली, खाली तारीख, नोव्हेंबर १९९६. त्याच्या मागच्या पानावर त्याच आठवड्यातल्या गाठी. पुढच्या पानावर पुन्हा विज्ञान, पुन्हा लाल सही. गुरुजी स्वतःच्या खर्चाने वर्ध्याला आले आणि सही आपली असल्याचे शपथेवर सांगून गेले. ते आमच्या समाजाचे नव्हते. जाताना एवढेच म्हणाले, "वहीत दुसरे काही लिहू नये असे मी वर्गात शंभरदा सांगितले, बरे झाले ऐकले नाहीस."

निकाल २००० साली लागला. काका जीनच्या कामावर होते हे मान्य झाले आणि मुकादम मध्ये असला तरी भरपाई जीनमालकाने द्यायची असे ठरले. हिशेब कसा होतो तो सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की साहेब मनाला येईल ती रक्कम लिहितो. तसे नाही. महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायची. वय जितके कमी तितका आकडा मोठा. चाळीस वर्षांसाठी तो १८४.१७ आहे. वहीवरून काकांची मजुरी महिन्याला १,५०० रुपये धरली गेली. निम्मे ७५०. गुणाकार १,३८,१२७ रुपये ५० पैसे, व्याज वेगळे. निकाल ऐकून घरी आल्यावर आम्ही तो गुणाकार कागदावर पुन्हा केला. बरोबर होता. त्या दिवशी शेंगा कोणी दिल्या नाहीत. काकू मात्र उठून आत गेली आणि पुष्कळ वेळ बाहेर आली नाही.

मुलांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या नावाने बँकेत ठेवली गेली. काकूच्या हातात आले त्यातून तिने उधारी फेडली आणि कौलांच्या जागी टिनाचे छप्पर घातले. मुलगी पुढे नर्सचे शिकली. मुलगा आयटीआय करून फिटर झाला. काकू वेचणीला जात राहिली. गुडघे दुखू लागले तेव्हा थांबली.

आता पुन्हा २०१८ कडे येतो.

पुलगावला स्फोट नवा नव्हता. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर डेपोत आग लागली तेव्हा आमच्या घरची भांडी फळीवरून पडली होती. आगरगाव, नागझरी, पिपरीची माणसे अंधारात लेकरे उचलून पळाली. त्या आगीत १९ जण गेले. त्यांत सैन्याचे अधिकारी होते आणि आग विझवायला धावलेले अग्निशमनचे कितीतरी कर्मचारी होते. तोही दिवस मंगळवारच होता. काकू मंगळवार मानत नाही, आम्हीही मानत नाही, पण गावात त्यावर बोलणे झालेच.

२०१६ च्या माणसांची नोंद होती. गणवेश होता, नंबर होता, नोकरीचे पुस्तक होते. मरण ते मरणच, त्यात लहान-मोठे करण्याचा आमचा हेतू नाही. पण नोंद असलेल्या माणसामागे घराला एक दार तरी असते, जाऊन ठोठावायला. ठेक्यावरच्या मजुरामागे घराला आधी हे सिद्ध करावे लागते की आमचा माणूस त्या दिवशी तेथे कामालाच गेला होता. काकूचा प्रश्न हाच होता.

सोनेगावच्या घरांना काय मिळाले, कसे मिळाले, हे त्यांचे त्यांनी सांगावे. आम्ही फक्त कायद्याचा हिशेब मांडतो. २०१८ साली तोच १९२३ चा कायदा चालू होता, त्याचे नाव तेवढे बदलून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले होते. मजुरी कितीही असली तरी महिन्याला ८,००० रुपयांपेक्षा जास्त धरायची नाही, ही मर्यादा २०१० साली ठरवलेली. आठ वर्षांत डाळ, तेल, तिकीट सगळे वाढले, मर्यादा जागची हलली नाही. तीस वर्षांच्या मजुरासाठी गुणायचा आकडा २०७.९८. म्हणजे ४,००० ला त्याने गुणून ८,३१,९२० रुपये. जानेवारी २०२० मध्ये मर्यादा १५,००० झाली. तोच तीस वर्षांचा माणूस सव्वा वर्षाने गेला असता तर हिशेब १५,५९,८५० रुपयांवर गेला असता. माणूस तोच, पेटी तीच. असा गुणाकार करताना हात थांबतो. पण तो घरच्यांना करता आला नाही तर दुसरा कोणी करून देत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

अपघात आमच्या जिल्ह्याला सोडत नाहीत. ३ फेब्रुवारी २०२१ ला भूगावच्या पोलाद कारखान्यात ३८ कामगार भाजले. त्याआधी आणि त्यानंतर जीनमध्ये, विहिरीच्या कामावर, विजेच्या खांबावर एकेक जण जातो, त्याची बातमी चार ओळींची असते. मथळ्यात "मजूर ठार" एवढेच असते आणि खाली अमुक गावचा रहिवासी असे असते. कोणाच्या कामावर होता ती ओळ बहुतेक वेळा नसतेच. पेपरवाल्यांना दोष देत नाही. त्यांनाही ते कोणी सांगत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. दुसऱ्या एका संहितेत असे आहे की प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे. वाचून काकूला सांगितले. ती म्हणाली, "ठेकेदार देते का पाहा." तिला थट्टा करायची नव्हती, ती खरेच विचारत होती.

काकूचा मुलगा, म्हणजे आमचा चुलत भाऊ, देवळीच्या एमआयडीसीत ठेक्यावर फिटर आहे. वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला त्यांचा चेहरा फोटोतलाच आठवतो, पण वह्या त्याच्याजवळ आहेत. फाटकावरच्या नोंदवहीत आपले नाव लिहिलेले दिसले की तो मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवतो. मजुरी बँकेत येते, त्या दिवसाचा संदेश पुसत नाही. त्याच्या पाळीतल्या पोरांना सुरुवातीला त्याचे हसू येई. आता त्यांतली तिघे-चौघे तसेच करतात. शिवाय तो एक वही ठेवतो. फोटो मोबाइलसोबत हरवू शकतो, असे तो म्हणतो. रोज रात्री जेवण झाले की तारीख, पाळी, कोणत्या मशीनवर होतो, सोबत कोण होते, सुपरवायझर कोण होता.

गेल्या महिन्यात रात्री आम्ही त्यांच्या घरी होतो. तो थकून आला होता, जेवला आणि न लिहिताच आडवा झाला. काकू आतून वही घेऊन आली, त्याच्या उशाशी ठेवली आणि दिवा बंद न करता तिथेच बसून राहिली. तो उठून बसला. त्याची सात वर्षांची मुलगी पलीकडे जागीच होती. तिने पेन हातात घेतले आणि विचारले, "बाबा, आज किती तारीख?"